मूठभर कोंड्याला घेतलेली

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आमच्या बाईंनी फळ्यावर एक त्रिकोण काढला आणि शेजारी एक वर्तुळ. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. दोघांमध्ये बरोबरची खूण म्हणजे लग्न. तिथून खाली रेघ उतरली की मूल. माणूस गेलेलं असेल तर त्याच्या खुणेवर तिरकी रेघ मारायची. माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राची ही बाराखडी, असं बाई म्हणाल्या आणि सुट्टीसाठी काम दिलं: आपापल्या घराचा तीन पिढ्यांचा नातेतक्ता. "घरातल्या मोठ्या माणसांना विचारून काढा," त्या म्हणाल्या. "जे तुम्हाला माहीतच आहे असं वाटतं, तेही विचारा."

मी गिरगावच्या कॉलेजात जायचे. घर माझगावला होतं, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून गोदीच्या क्रेन दिसायच्या. वडील गोदीत होते, वर्षापूर्वीच गेले होते. घरात आई आणि मी दोघीच. आई मालवणकडची. लग्न होऊन मुंबईत आली त्याला तेव्हाच पंचवीस वर्षं होऊन गेली होती, पण घरात मालवणीच बोलायची.

दुपारी ती तांदूळ धूत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर कागद पसरला. आजी-आजोबा झाले, मामा झाले, आत्या झाली. वडिलांच्या त्रिकोणावर तिरकी रेघ मारताना मी तिच्याकडे बघितलं नाही. मग आई-वडिलांच्या खाली दोन छोटे त्रिकोण काढले. माझ्या आधी दोन मुलगे होऊन गेले होते, हे मला माहीत होतं. एक आठव्या दिवशी गेला, दुसरा पाच महिन्यांचा होऊन. दोघांवर रेघ मारली. तिसरी रेघ खाली ओढली आणि मी वर्तुळ काढायला पेन टेकवणार, इतक्यात आईने माझं मनगट धरलं. तिचा हात ओला आणि थंड होता.

"थंय नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"तुका थंय नको काढू. माज्याखाली."

मला वाटलं, मेलेल्यांच्या ओळीत जिवंत मुलीची खूण नको असं तिला वाटतंय. मी समजवायला गेले की नुसती अभ्यासातली आकृती आहे ही. तिने मनगट सोडलं नाही. कागदावर पाण्याचे थेंब पडले, शाई पसरली.

"मग कुठे काढू?"

तिने मानेने भिंत दाखवली. भिंतीपलीकडे आंटीची खोली होती.

आंटी म्हणजे आमची शेजारीण. मूळची माझगावचीच, ख्रिश्चन. तिच्या पणजोबांच्या वेळेपासून ते लोक तिथे होते, चाळी नंतर आल्या. ती गोदीच्या एका कचेरीत टायपिस्ट होती. लग्न केलं नव्हतं. तिची म्हातारी आई मी लहान असताना वारली, त्यानंतर ती एकटीच राहायची. तिच्या खोलीत अल्तारावर, म्हणजे तिच्या देव्हाऱ्यावर, लाल दिवा कायम लागलेला असायचा आणि संध्याकाळी तो आमच्या मागच्या गॅलरीपर्यंत दिसायचा.

"तिकाच विचार," आई एवढंच म्हणाली आणि धुतलेले तांदूळ पुन्हा धुवायला लागली.

मी आंटीकडे गेले. रविवार होता, ती घरीच होती. नातेतक्ता बघून ती जराशी हसली, मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि खिळ्यावरचं सूप काढून आणलं. ते सूप मी जन्मापासून तिथे बघत आले होते. त्यात कधी काही पाखडलेलं मात्र बघितलं नव्हतं. बांबू काळा पडला होता, कडेला बांधलेली दोरी गळून गेली होती.

"ह्याच्यात आली तू," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. दोन मुलगे गेल्यावर आईला गावाकडून निरोप आला होता की तिसरं मूल आपलं म्हणून ठेवायचं नाही. घरावर ज्याची नजर आहे त्याला ते आपलं वाटता कामा नये. मी जन्मल्यावर सहाव्या दिवशी, सटवाई कपाळावर लिहायला येते त्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी आईने मला सुपात घातलं आणि शेजारच्या दाराशी नेऊन विकलं. मोबदल्यात घेतला मूठभर कोंडा. तांदळाचा. तो कोंडा आईने मागच्या गॅलरीतून खाली फेकला, डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही, आणि दार लावून घेतलं. मी ती पूर्ण रात्र आंटीच्या अल्ताराखाली लाल दिव्याच्या उजेडात झोपले. दुधासाठी मला मागच्या बाजूने आत-बाहेर नेत होते.

"सटवाई आली असेल तर तुमच्या घरात काही नव्हतं," आंटी म्हणाली. "आणि माझ्या घरात ती कशाला येईल?"

म्हणजे माझ्या कपाळावर काही लिहिलेलंच नव्हतं. हे ती सहज बोलून गेली. मी मात्र कपाळाला हात लावला, आणि लावल्याचं मला नंतर कळलं.

त्या दिवसानंतर लहानपणच्या कितीतरी गोष्टी मला वेगळ्या दिसायला लागल्या. मी शाळेतून आले की पुढच्या दाराने घरात यायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. आधी आंटीच्या दारातून आत जायचं, तिच्या स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत निघायचं आणि तिथून आमच्या मोरीच्या दाराने घरात यायचं. सगळ्यांच्या घरी काहीतरी नियम असतात, तसा तो आमचा, असं मी धरून चालले होते. आंटी कामावर असली तरी किल्ली आमच्याकडे असायची आणि मी त्या रिकाम्या खोलीतून चालत जायचे. आता मला कळलं की माझ्यामागून कोणी येत असेल तर त्याने तिथेच थांबावं, म्हणून तो रस्ता होता. तो कोणी म्हणजे कोण, हे आईने कधी सांगितलं नाही. पण मी आत आले की ती दाराबाहेर एकदा बघायची.

आणि भायखळ्याचं मार्केट. मी पाच-सहा वर्षांची असेन. भाजीवालीने माझ्या गालाला हात लावून विचारलं, "तुमची का हो?" आई म्हणाली, "नाय. शेजारणीची." तिने माझा हात सोडला होता. भाजी घेऊन ती पुढे चालायला लागली आणि मी गर्दीत तिच्या पाठीकडे बघत चालत राहिले. ती मागे वळून बघत नव्हती. मार्केटच्या बाहेर आल्यावर तिने पुन्हा हात धरला, इतका घट्ट की बोटं दुखली. त्या दिवशी मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले होते. माझं नाक कोणासारखं आहे, ते शोधत होते.

बाईंना मी तक्ता दिला तो असा: आईच्या खाली दोन त्रिकोण, तिरक्या रेघा मारलेले. आंटीच्या वर्तुळाखाली तुटक रेघ, तिच्याखाली मी. तुटक रेघ म्हणजे मानलेलं नातं. सोबत चार पानी टिपण लिहिलं. त्यात मी स्वतःला 'सदर बालिका' म्हटलं होतं. बाई खूश झाल्या. एकाच विधीचे दोन अर्थ असू शकतात, त्या वर्गात म्हणाल्या; विकणारीला ती मृत्यूला दिलेली हूल वाटते, घेणारीला काय वाटतं ते कोणी विचारलं का? आतल्या माणसाची नजर आणि बाहेरच्या माणसाची नजर यातला फरक त्यांनी माझ्या टिपणावरूनच शिकवला. मला फार अभिमान वाटला.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून विचारलं, "परत विकत घेतलं का तुला?"

"म्हणजे?"

"अशा विधीत मूल वाचलं की परत घेतात. नाहीतर विधी अर्धाच राहतो. अर्ध्या विधीतला माणूस इकडचाही नसतो आणि तिकडचाही नसतो. उंबरठ्यावर. बहुतेक समाज अशा माणसाला जपतात तरी किंवा घाबरतात तरी."

मी घरी येऊन आईला विचारलं. "तुज्या लग्नाआदी घेवचा म्हणान सांगितलला हा," ती म्हणाली. लग्नाच्या आधी घेऊ.

लग्न ठरलं तेव्हा मी शिकवायला लागले होते, हाच विषय, परळच्या एका कॉलेजात. मुलगा परळचाच होता. आईने लग्नाचा विषय निघाला की आंटीच्या भिंतीकडे बघायला सुरुवात केली. एके दिवशी सूप उतरवायचं, कोंडा द्यायचा, मला घेऊन यायचं, एवढंच तर होतं. ती आज-उद्या करत राहिली. मग एका सकाळी तिने जाहीर केलं की रजिस्टर लग्न करायचं. सगळे चकित झाले. एकही उपास न चुकवणारी बाई मुलीचं लग्न कचेरीत लावते म्हणजे काय? मला तिने मागच्या गॅलरीत नेऊन हळूच सांगितलं. परत घ्यायला तिचा धीर होत नव्हता. परत घेतलं की मी तिची होणार, आणि मी तिची झाले की ज्याने तिचे दोन नेले त्याला ते कळणार. आणि परत न घेता कन्यादान कसं करायचं? दुसऱ्याची वस्तू दान कशी द्यायची?

मी तेव्हा हसले. रजिस्टर कचेरीत साक्षीदार म्हणून आंटीने सही केली. आई बाहेर बाकावर बसून होती, माझ्याकडे पाठ करून.

वर्षं गेली. मी परळला, आई आणि आंटी माझगावला, भिंतीला भिंत लावून. मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना त्रिकोण आणि वर्तुळ शिकवत होते. निषिद्ध म्हणजे काय, देवाणघेवाण म्हणजे काय, आपलीच रीत खरी मानण्याची खोड कशी ओळखायची. माझी गोष्टही उदाहरण म्हणून सांगायचे, 'एका कुटुंबात' असं म्हणून. मुलं टिपून घ्यायची.

तीन वर्षांपूर्वी आंटी आजारी पडली. ऐंशी ओलांडली होती. हॉस्पिटलातून तिने स्वतःच घरी आणायला लावलं. दिवसा एक बाई देखभालीला यायची. तिचा भाचा परदेशात, फोनवर भेटायचा. मी एक दिवसाआड जात होते.

एका सकाळी आईचा फोन आला. "कोंडो घेऊन ये," ती म्हणाली. "तांदळाचो."

मी काय ते लगेच समजले. तरी विचारलं, आता कशाला?

"तिका देव नेताला गो. तिचा जा काय आसा, ता तिच्यावांगडा जाताला."

तिचं जे काय आहे ते तिच्याबरोबर जाईल. आईचा आवाज अगदी साधा होता, गॅस संपलाय सांगावं तसा. चाळीस वर्षांहून जास्त ती एका बाजूने घाबरत आली होती, आता दुसऱ्या बाजूने घाबरत होती. मी फोन ठेवला. मला त्या दिवशी बारा वाजता तास होता. मी कॉलेजला कळवलं की बरं नाही, आणि लालबागला गेले.

मसाल्याच्या गिरण्या ओलांडून पीठ दळून देणाऱ्या एका गिरणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, तांदळाचा कोंडा मुंबईत आता कोण मागतं? दुकानात गव्हाचा मिळेल, पाकिटात, डायटिंगवाले घेतात. आणखी दोन ठिकाणी फिरले. ऊन डोक्यावर आलं होतं. तिसऱ्या गिरणीत एका म्हाताऱ्याने चाळणीखालचा थोडा कोंडा कागदात बांधून दिला. "घरात काय बारसं आहे काय?" त्याने विचारलं. मी नाही म्हणाले. तिथून टॅक्सीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की पुडी मी दोन्ही हातांनी छातीशी धरली आहे. बाहेरून बघणं, आतून बघणं, सगळं मी इतकी वर्षं शिकवत होते. त्या टॅक्सीत मला फक्त एवढंच वाटत होतं की पोचेपर्यंत आंटी जिवंत असू दे.

ती होती. दुपारचे तीन वाजले असतील. चाळ गप्प होती. देखभालीची बाई जेवून गॅलरीत बसली होती. आई चांगलं लुगडं नेसून, नवं सूप हातात घेऊन आंटीच्या दाराबाहेर उभी होती. मी पुडी सोडली, तिने कोंडा सुपात ओतला, वास घेऊन बघितला आणि आत गेली. मी तिच्या मागून.

आंटी उशांना टेकून होती. चेहरा लहान झाला होता, डोळे मात्र तसेच. सूप बघताच तिला कळलं.

"आता आठवण झाली?" ती म्हणाली.

आईने सूप पुढे केलं. "घे गो. माजा माका दी."

आंटी सुपाकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, आता ती हात घालेल. तिने मान हलवली.

"मी नाय विकणार."

आईच्या हातातल्या सुपात कोंडा सरकल्याचा बारीक आवाज यायला लागला.

"तू मला खोटं विकलं," आंटी म्हणाली. मध्ये मध्ये तिला थांबावं लागत होतं. "मी खरं घेतलं. तुला माहीत होतं. त्या संध्याकाळी हिला मी बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, माझ्या हाताने. तुमच्या घरात दोन मेले होते, फादरसाठी कोण थांबणार? नाव ठेवलं. माझ्या मम्मीला फक्त सांगितलं होतं."

"काय नाव?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघून हसली. नाव सांगितलं नाही.

मला आठवतं की त्या वेळी मी भिंतीला टेकले. माझं एक नाव होतं, ते मला माहीत नव्हतं, आणि मला कळायला लागायच्या आधीपासून कोणीतरी मला त्या नावाने मनात हाक मारत होतं. रोज. भिंतीपलीकडून. मी परीक्षेचा अभ्यास करत असताना, ताप आलेला असताना, लग्न करून निघाले तेव्हाही. दुपारच्या उजेडात, ओळखीच्या खोलीत, लहानपणापासून माया केलेल्या बाईसमोर मला भीती वाटली.

आई पलंगाच्या कडेला बसली. सूप तिने आंटीच्या मांडीवर ठेवलं. बऱ्याच वेळाने आंटीने हात उचलला आणि कोंड्यात घातला. आंटीची बोटं कोंड्यात फिरली, जशी लहान मुलाच्या केसांत फिरतात. मूठ मिटलीच नाही. तशीच, हात सुपात ठेवून, ती झोपली.

"घेतला काय गो तिणी?" आईने मला विचारलं.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

दोन दिवसांनी सकाळी आंटी गेली.

भाचा येऊ शकला नाही. त्याने फोनवर सांगितलं की पुढचं सगळं मीच करावं, त्याची हरकत नाही. शिवडीच्या कबरस्थानात शवपेटी खाली सोडल्यावर फादरनी घरच्यांना पुढे यायला सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले आणि पहिली माती टाकली. पेटीवर तिचा आवाज झाला. आई फाटकाबाहेर टॅक्सीत बसून होती, मी परत येईपर्यंत तिने डोळे उघडले नव्हते.

त्यानंतर रोज सकाळी सातला तिचा फोन यायचा. "बोल," एवढंच म्हणायची. मी काहीही बोलले, चहा घेतेय म्हणाले, तरी ठेवून द्यायची. चाळीस दिवस तिने मला एकटीला रस्ता ओलांडू नको म्हणून बजावलं. मी हसले नाही. मी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोनदा बघत होते. तसं माझं काही झालं नाही, हे सांगायला हवं. ताप नाही, अपघात नाही. एकदाच, वर्गात फळ्यावर तक्ता काढताना, तुटक रेघेच्या खाली वर्तुळ काढायला खडू टेकवला आणि हात पुढे जाईना. मुलं थांबली होती. मी तास तिथेच संपवला. त्या वर्षी माझं उदाहरण मी सांगितलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये कबरस्थानाच्या कचेरीतून फोन आला. जागा थोडी असते, म्हणून दोन-एक वर्षांनी कबर उघडून हाडं काढतात आणि भिंतीतल्या कुटुंबाच्या कप्प्यात ठेवतात. घरचं कोणी हजर राहायला हवं होतं. मी गेले. कारकुनाने रजिस्टरमध्ये नातं विचारलं. मी "मुलगी" म्हणाले, तोंडातून सरळ तेच आलं. त्याने लिहून घेतलं आणि एका गवंड्याला माझ्याबरोबर दिलं.

कप्प्यावर संगमरवराची पाटी होती. वर आंटीच्या वडिलांचं नाव, मग आईचं, मग तिचं स्वतःचं. तिच्या जन्मसालापुढे गवंड्याने सकाळीच मृत्यूचं साल कोरलं होतं, ती अक्षरं पांढरी होती. बाकीची जुनी, काळवंडलेली. आणि त्यांच्याखाली, तशाच जुन्या अक्षरांत, आणखी एक नाव होतं. बाईचं. आडनाव आंटीचंच. पुढे माझं जन्मसाल, मग एक छोटी आडवी रेघ. आणि रेघेपुढे गुळगुळीत रिकामा दगड.

गवंडी म्हणाला, "ही कोण मॅडम? हिचं डेटचं काय करायचं? बाकी आहे."

"राहू दे," मी म्हणाले.

त्याने पाटी बसवली. मी सिमेंट सुकेपर्यंत तिथे उभी होते. अक्षरांवरून कळत होतं की आंटीने आपल्या आईची हाडं इथे आणली तेव्हाच ही पाटी करून घेतली असणार. म्हणजे मी सात-आठ वर्षांची असेन. त्या काळात ती मला शनिवारी कचेरीत घेऊन जायची आणि टाइपरायटरवर माझ्या बोटांनी अक्षरं उमटवून घ्यायची. तेव्हापासून मी या भिंतीत होते.

हे आईला सांगू नये असं ठरवून मी माझगावला गेले. पण माझा चेहरा बघून तिने विचारलंच, आणि मी सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती कोसळेल. ती पायांच्या बोटांकडे बघत बसली. मग म्हणाली, "माका दाखव."

पुढच्या रविवारी मी तिला टॅक्सीने शिवडीला नेलं. ती पहिल्यांदाच फाटकाच्या आत आली. चप्पल काढून हातात घेतली, मी नको म्हटलं तरी. ऊन तापलं होतं, फरशीवरून तिचे पाय भाजत असणार. भिंतीपाशी आल्यावर तिने पाटीकडे बघितलं. तिला इंग्रजी अक्षरं येत नाहीत.

"खंयचा तुजा?"

मी बोट ठेवलं. "वाच," ती म्हणाली. मी ते नाव मोठ्याने वाचलं. दोनदा वाचायला लावलं तिने.

"बरा नाव आसा," ती म्हणाली. मग रेघेपुढच्या रिकाम्या जागेला बोट लावलं. "हंय काय लिवतले?"

"नंतरचं," मी म्हणाले.

तिने त्या जागेवर पूर्ण तळहात ठेवला. दगड उन्हाने गरम झाला असणार, पण तिने हात काढला नाही. ओठ हलत होते. मी तिच्या शेजारी उभी राहिले, आणि मला कधी नव्हे ते एकाच वेळी दोन ठिकाणी असल्यासारखं वाटलं: दगडाच्या अलीकडे आणि पलीकडे. आत फार शांत असेल, असंही वाटून गेलं. मी नजर दुसरीकडे वळवली.

आईने हात काढला, पदराने पुसला आणि माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मोकळा झाला होता.

"तिणी आपला नेला," ती म्हणाली. "विकलेली होती ती थंय आसा. तू हंय आसस."

तिच्या दृष्टीने व्यवहार पुरा झाला होता. विकलेली मुलगी त्या नावाची होती. आंटीने ती नेली, भिंतीत ठेवली. उरलेली आईची. इतकी वर्षं पुस्तकं वाचूनही हे मला सुचलं नव्हतं, आणि तिने ते भर उन्हात, अनवाणी उभं राहून एका मिनिटात लावलं. तिच्या हिशेबात मला एकही चूक सापडत नव्हती, फक्त ती रिकामी जागा सोडून.

फाटकाकडे येताना तिने चपला घातल्या. टॅक्सी मिळेपर्यंत आम्ही एका झाडाखाली थांबलो. तिला तहान लागली होती, मी बाटली दिली. पाणी पिऊन तिने विचारलं, संध्याकाळी बांगडे आणायचे का, मी जेवून जाणार आहे का. मी हो म्हणाले.